शाळा कोणाच्या, मुले कोणाची?

‘तुम्हां ख्रिस्ती लोकांना शिक्षणाची काय चिंता? शाळा तुमच्याच, फादर तुमचे, सिस्टर तुमच्या!’ हे वाक्य मराठवाड्यातल्या ख्रिस्ती विद्यार्थ्याने शाळेपासून महाविद्यालयापर्यंत निदान पन्नास वेळा तरी ऐकलेले असते. म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. शहरातल्या नामांकित इंग्रजी शाळांच्या कमानींवर कोणा ना कोणा संताचे नाव असते. प्रवेशाच्या दिवसांत त्या कमानीखाली अधिकाऱ्यांपासून कापडदुकानदारांपर्यंत सगळ्यांची रांग लागते. तेव्हा ज्यांचा संत, त्यांची मुले आत सुखाने शिकत असणार, असे कोणालाही वाटावे. वस्तुस्थिती मात्र तशी नाही, आणि ती तशी का नाही हा प्रश्न बाहेरच्यांनी विचारण्यापेक्षा आम्ही ख्रिस्ती तरुणांनीच आमच्या मंडळ्यांना विचारला पाहिजे, असे मला वाटते.

राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२१ साली अल्पसंख्याकांच्या शाळांचा एक अहवाल प्रसिद्ध केला. ख्रिस्ती संस्थांच्या शाळांत शिकणाऱ्या मुलांपैकी सुमारे ७४ टक्के मुले ख्रिस्ती नाहीत, असे त्यात म्हटले आहे. ह्या आकड्यावर बरीच ओरड झाली. मला तो आकडा लाजिरवाणा वाटत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे शंभरात एकही नव्हे. एवढ्याशा समाजाने शाळा काढल्या तर त्यांत इतरांचीच मुले जास्त असणार, हे साधे गणित आहे. ज्या समाजाने आपले दार सर्वांना उघडे ठेवले त्याने त्याबद्दल संकोच का करावा? माझा प्रश्न त्या ७४ मुलांविषयी नाही. उरलेल्या २६ मुलांत वैजापूर, गंगापूर, जालना इकडच्या वस्त्यांवरचे मूल कोठे आहे, हा माझा प्रश्न आहे. त्या मुलाचा बाप्तिस्मा झालेला असतो, नाताळात ते नाटकात मेंढपाळ होते, प्रभूची प्रार्थना त्याला तोंडपाठ असते. आणि सातवी-आठवीनंतर ते शाळेत दिसत नाही.

येथे थोडे मागे जावे लागेल. मराठी मुलखात मिशनऱ्यांनी शाळा काढल्या त्या दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी. अमेरिकन मिशनने १८२४ साली मुंबईत मुलींची शाळा सुरू केली. सिंथिया फरार ह्या बाईंनी अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) चालवलेली मुलींची शाळा पाहून जोतीराव फुल्यांना पुण्यात तशी शाळा काढण्याची प्रेरणा झाली. जोतीराव स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. हा इतिहास क्रमिक पुस्तकांत येतो, म्हणून तो येथे लांबवीत नाही. पण त्याच काळातली एक हकीकत आमच्या भागाशी जोडलेली आहे आणि ती फारशी कोणी सांगत नाही.

१८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री नावाच्या ब्राह्मण तरुणाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तो स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेला होता. त्याचा धाकटा भाऊ श्रीपाद हाही त्याच शाळेत जात असे. वय बाराच्या आसपास. तोही मिशनऱ्यांच्या घरी राहू लागला. वडिलांनी न्यायालयात धाव घेतली, आणि मुलगा अज्ञान आहे म्हणून न्यायालयाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिले. पुढे त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे की नाही ह्यावरून मुंबईत मोठे रण माजले. परत घ्यावे म्हणून ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि सनातन्यांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. एका मुलासाठी मिशनरी, बाप, न्यायालय, शास्त्री, वर्तमानपत्रे असे सगळे भांडले. मुलाला काय वाटत होते ह्याची नोंद मात्र ह्या गदारोळात हरवून गेली.

थोरला नारायण पुढे पाळक झाला आणि जालन्याला आला. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी निजाम सरकारकडून जमीन मिळवून जालन्याजवळ ‘बेथेल’ नावाची वसाहत उभी केली. गावकुसाबाहेर ठेवल्या गेलेल्या जातींतून जे लोक ख्रिस्ती झाले त्यांची ती वस्ती. ब्राह्मण घरात जन्मलेला माणूस मांग-महारांच्या मुलांना आपल्या वस्तीत अक्षरे शिकवण्याची सोय करतो, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली आहे, हे विसरता कामा नये. इकडे औरंगाबादेत चर्च मिशनरी सोसायटीचे काम रतनजी नवरोजी ह्या मूळच्या पारशी गृहस्थांनी कित्येक वर्षे सांभाळले. वैजापूरकडच्या माळीघोगरगावला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सहून आलेले कॅथॉलिक फादर राहू लागले. त्यांतल्या फादर जाकिए ह्यांचे नाव त्या पंचक्रोशीत अजून आदराने घेतले जाते, आणि ते घेणारे सगळेच ख्रिस्ती असतात असे नाही.

ह्या सर्वांच्या कामाचे मोल समजायचे तर त्या वेळचा मराठवाडा डोळ्यांसमोर आणावा. राजभाषा उर्दू. सरकारी शाळा थोड्या, त्यांतही वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू. १९१८ साली सुरू झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दूतच शिकवणारे. मराठीतून शिकायचे तर खाजगी शाळांची वाट पाहावी लागे, आणि त्या शहरांतून हळूहळू निघत होत्या. अशा काळात मिशनचा मास्तर खेड्यात जाई. तो आठवडाभर मुलांना मुळाक्षरे, पाढे, वाचन शिकवी आणि रविवारी मोठ्यांपुढे उपदेश करी. मास्तर आणि उपदेशक ही दोन माणसे नव्हती. एकाच सदऱ्यात दोन्ही असत. शाळेची इमारत म्हणजे कडुलिंबाची सावली. आमचे आजोबा अशाच एका मास्तरांच्या हाताखाली शिकले. त्यांच्या सांगण्यानुसार मास्तरांजवळ एक घड्याळ, एक छत्री आणि तीन पुस्तके होती : अंकलिपी, बायबल आणि गायनाचे पुस्तक. गायनाच्या पुस्तकावरून जोडाक्षरे शिकल्यामुळे आजोबांना कित्येक शब्द चालीशिवाय वाचताच येत नसत. हा विनोद आमच्या घरात अजून चालतो. पण त्या जोडाक्षरांच्या बळावर आजोबा रेल्वेत लागले आणि म्हणून त्यांचा नातू आज ह्या अंकासाठी लेख लिहितो आहे.

तेव्हाच्या मिशनच्या हेतूंविषयी टीका होते. ती पुष्कळ अंशी खरी आहे. शाळा हे धर्मप्रसाराचे साधन होते, हे मिशनरी स्वतःच लपवीत नसत. दुष्काळात पोरके झालेले मूल आश्रमात आले की ते ख्रिस्ती होई. त्याला निवडीची संधी कितपत होती हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. श्रीपादच्या खटल्यातला मुद्दा तोच होता. मला येथे एवढेच म्हणायचे आहे की त्या लोकांनी हेतू कोणताही धरला असो, ते शेवटच्या घरापर्यंत चालत गेले. वरच्या घरात दिवा लावला की खालच्या घरात आपोआप उजेड पडेल, अशा भरवशावर ते बसले नाहीत.

नेमकी ह्याच भरवशावर टीका जोतीरावांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे केली होती. सरकार शिक्षणाचा पैसा वरच्या वर्गावर खर्च करते, तो वर्ग शिकून खालच्यांना शिकवील अशी आशा धरते, आणि तसे काही घडत नाही, असा त्यांच्या निवेदनाचा रोख होता. पैसा शेतकऱ्याच्या साऱ्यातून येतो आणि कॉलेजात जातो, त्यापेक्षा प्राथमिक शिक्षण बारा वर्षांपर्यंत सक्तीचे करा, ही त्यांची मागणी. आज हे निवेदन वाचताना मला आमच्या चर्चच्या शिक्षणसंस्थाच आठवतात. स्वातंत्र्यानंतर खेडोपाडी जिल्हा परिषदेच्या शाळा आल्या. परदेशी मिशनांचा पैसा आटला. मिशनच्या वस्तीशाळा एकेक करून बंद पडल्या, कोठे इमारत पडली, कोठे जागेवरून वाद सुरू झाले. त्याच सुमारास शहरांत इंग्रजी शाळांची मागणी वाढली. १९७७ साली औरंगाबाद हा स्वतंत्र कॅथॉलिक धर्मप्रांत झाला. प्रॉटेस्टंट मंडळ्यांपैकी बहुतेक १९७० साली उत्तर भारतीय मंडळीत एकत्र आल्या होत्या. संस्था मोठ्या झाल्या, शाळा नावाजल्या, आणि कडुलिंबाखालचा मास्तर मात्र परत आला नाही. शहरातली शाळा भरभराटीला आली की तिच्या उत्पन्नातून खेड्यातले काम चालेल, असे तेव्हा म्हणत. क्वचित कोठे ते चालतेही. काही ठिकाणी सिस्टरांची वसतिगृहे आहेत, त्यांत आदिवासी आणि दलित मुली शिकतात, आणि त्या सिस्टरांच्या कष्टांविषयी कोणी वेडेवाकडे बोलेल तर मी त्याच्याशी भांडेन. पण सर्वसाधारणपणे पाहिले तर वरून झिरपणारे पाणी मध्येच कोठेतरी मुरते.

एक उदाहरण देतो. माझी एक मावसबहीण आहे. तिच्या वडिलांची नोकरी खाजगी, पगार जेमतेम. शहरातल्या एका ख्रिस्ती शाळेत (नाव सांगण्याचे कारण नाही) तिला प्रवेश मिळाला, कारण बाप्तिस्म्याचा दाखला जोडला होता आणि ख्रिस्ती मुलांना तेथे प्राधान्य होते. घरात पेढे वाटले. मग फी आली, गणवेश आला, ठराविक दुकानातूनच घ्यायची पुस्तके आली, रिक्षा आली, स्नेहसंमेलनाचा पोशाख आला. फीमध्ये सवलत मिळावी म्हणून मावशीने अर्ज केला. उत्तर मिळाले की सवलतीच्या जागा भरल्या आहेत. दुसरीचे वर्ष संपल्यावर मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत आली. तेथे तिला चांगल्या बाई मिळाल्या आणि आज ती उत्तम शिकते आहे, तेव्हा गोष्टीचा शेवट वाईट नाही. पण एक प्रश्न उरतोच : प्राधान्य म्हणजे काय? जागा राखून ठेवणे आणि त्या जागेवर बसणे परवडेल असे करणे, ह्यांत अंतर आहे.

कायद्याने ह्या अंतरात आणखी एक गंमत करून ठेवली आहे. शिक्षणहक्क कायदा २००९ चा. त्यानुसार खाजगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांना मोफत द्यावयाच्या. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळांना ह्या कायद्यातून वगळले, कारण घटनेच्या तिसाव्या कलमाने आपल्या संस्था आपल्या पद्धतीने चालवण्याचा हक्क अल्पसंख्याकांना दिला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाच्याच दुसऱ्या पीठाने ह्या निकालाविषयी शंका व्यक्त करून तो प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवावा असे म्हटले. वकील मंडळी काय ते ठरवतील. व्यवहारात मात्र असे होते की गरीब ख्रिस्ती मुलाला एखाद्या व्यापारी संस्थेच्या इंग्रजी शाळेत मोफत जागा मिळू शकते, आणि त्याच्या स्वतःच्या चर्चच्या शाळेत ती द्यायला कोणी बांधलेले नसते. तिसावे कलम मी मनापासून मानतो. लहान समाजाच्या संस्थांत सरकारी हात शिरले तर काय होते हे आपण पाहिले आहे. पण हक्क संस्थेसाठी राखला आणि मूल दारातून परत गेले, तर तो हक्क राखला कोणासाठी? कायद्याने सक्ती नाही म्हणूनच आपण होऊन ते करण्यात चर्चची शोभा होती.

ह्याहून अवघड एक गोष्ट आहे. तिच्याविषयी मंडळीत बोलले जात नाही, आणि मी बोललो तर वडीलमंडळी रागावतील हे मला ठाऊक आहे. मराठवाड्यातले बहुसंख्य ख्रिस्ती पूर्वाश्रमीच्या अस्पृश्य जातींतून आलेले आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती फक्त हिंदूंना दिल्या. १९५६ मध्ये त्यांत शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. महाराष्ट्रात त्यांची गणना इतर मागासवर्गात होते. ह्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी केंद्राने २०२२ साली माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन ह्यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. न्यायाचा हा मुद्दा मोठा आहे, त्यावर स्वतंत्र लेख होईल. मला मुलाच्या बाजूने त्याकडे पाहायचे आहे. अनेक घरांत मुलाची दोन नावे असतात, एक शाळेच्या दाखल्यावर, एक मंडळीच्या रजिस्टरात. घरी डेव्हिड, शाळेत देविदास. शिष्यवृत्तीसाठी बापाने केलेली ही सोय. बापाला दोष देणे सोपे आहे. ज्याने उपाशीपोटी मुलगा शिकवला नाही त्याने तो द्यावा. पण सहा वर्षांच्या मुलाला आपण पहिला धडा देतो तो कशाचा? ‘बाईंनी विचारले तर चर्चला जातो म्हणून सांगू नकोस.’ ज्या मुलाला सत्य बोल म्हणून रविवारी शिकवायचे त्यालाच सोमवारी हे सांगायचे. चर्चला हे माहीत नाही असे नाही. पाळकसाहेब दोन्ही रजिस्टरे ओळखून असतात. ते गप्प राहतात, कारण बोलले तर पर्याय द्यावा लागेल, आणि पर्याय म्हणजे पैसा. मंडळीने आपल्या मुलांसाठी स्वतःचा शिष्यवृत्तीनिधी उभारला असता तर काही डेव्हिड तरी शाळेत डेव्हिड राहिले असते. आम्ही चर्चच्या वर्धापनदिनाला मांडव घालतो, ध्वनिक्षेपक लावतो, पाहुण्यांना शाली देतो. पैसा अगदीच नाही असे म्हणवत नाही.

परदेशी पैशाची वाट पाहण्यात तर आता अर्थ नाही. कम्पॅशन इंटरनॅशनल ही अमेरिकन संस्था भारतातल्या सुमारे दीड लाख मुलांना मदत करीत होती. सरकारने निधीवर निर्बंध घातल्यावर २०१७ च्या मार्चमध्ये तिने येथले काम बंद केले. सरकार बरोबर की संस्था, ह्यावर वाद घालता येईल. पण ज्या मुलाची वही साता समुद्रापलीकडून येते त्याचे शिक्षण एका आदेशाने थांबू शकते. आमच्या दौलताबादशेजारी कागजीपुरा आहे. शेकडो वर्षांपासून हाताने कागद करणारे गाव. कागदाच्या गावाशेजारी राहून वहीला महाग होणारी मुले मी पाहिली आहेत. असो.

आता रविवारच्या शाळेविषयी. चर्च आपल्या मुलांना शिकवते म्हणजे काय, असे विचारले तर पुष्कळांचे उत्तर असते : ‘संडे स्कूल आहे ना!’ ही रविवारची शाळा सुरू झाली ती इंग्लंडात ग्लॉस्टर येथे १७८० च्या सुमारास. रॉबर्ट रेक्स नावाच्या वृत्तपत्रचालकाने ती लोकप्रिय केली. कारखान्यांत आठवडाभर राबणाऱ्या मुलांना रविवारचाच मोकळा दिवस असे, म्हणून त्या दिवशी त्यांना वाचायला शिकवायचे, हा तिचा मूळ उद्देश. बायबल हे वाचनाचे पुस्तक होते. म्हणजे आमची शब्बाथ शाळा जन्मली ती साक्षरतेच्या पोटी. आज ती कशी चालते? वचन पाठ करा, गाणे म्हणा, चित्र रंगवा, घरी जा. सहावीतल्या ज्या मुलाला धड वाचता येत नाही, त्याचेही वचन पाठ असते, कारण ते ऐकून पाठ केलेले असते. शिकवणारी मुले-मुली हौशी, प्रेमळ. त्यांना दोष नाही. पण ह्या शाळेत दर रविवारी अर्धा तास, पाठांतर सोडून, प्रत्येक मुलाने स्वतः मोठ्याने वाचले पाहिजे एवढा एकच नियम केला तर वर्षभरात फरक दिसेल.

आणि तेथे शिकवायचे काय? आमच्या मुलांना गालील सरोवर कोठे, यार्देन नदी कोठून वाहते, यरीहोची तटबंदी कशी पडली हे नकाशासह माहीत असते. माहीत असावेच. पण त्यांच्या डोळ्यांसमोर जो किल्ला उभा आहे त्यावर जनार्दनस्वामींकडे पैठणचा एकनाथ लहान वयात शिकायला आला होता, हे त्यांना कोणी सांगत नाही. फादर स्टीफन्स ह्या इंग्रज जेझुइटाने १६१६ मध्ये ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत छापली, हे सांगत नाही. बाबा पदमनजींनी १८५७ मध्ये ‘यमुनापर्यटन’ लिहून मराठी कादंबरीची वाट पाडली, आणि लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरे शिकलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली, हे मला शाळेतल्या मराठीच्या सरांकडून कळले, मंडळीतून नव्हे. ते सर ख्रिस्ती नव्हते. नारायण वामन टिळकांची गाणी मात्र चर्चमध्ये आम्ही दर रविवारी म्हणतो, ती कोणाची आहेत ह्याचा पत्ता नसताना. आपण परक्या धर्माचे पाहुणे आहोत असे ज्या मुलाला वर्गात ऐकवले जाते, त्याच्या हातात ही पुस्तके म्हणजे उत्तर आहे, आणि ते उत्तर आपण कपाटात ठेवले आहे.

माध्यमाचा प्रश्न येथेच येतो. इंग्रजी नको असे म्हणण्याइतका मी भाबडा नाही. गोव्यात १९९० साली सरकारने प्राथमिक शाळांचे अनुदान कोकणी-मराठी माध्यमाशी जोडले, तेव्हा तेथल्या धर्मप्रांताच्या शाळा कोकणीकडे वळल्या. वीस वर्षे त्या टिकल्या. २०११ मध्ये पालकांच्या रेट्यामुळे इंग्रजीलाही अनुदान देण्याचे ठरले आणि शाळा परत इंग्रजीत गेल्या. पालकांना इंग्रजी हवी असते, गरिबाला तर जास्तच हवी असते, कारण ती श्रीमंतांच्या हातात त्याने पाहिलेली असते. पण चांगली मराठी शाळा आणि तीत उत्तम इंग्रजी, हा पर्याय चर्चने मराठवाड्यात मनापासून करून पाहिला काय? वसईच्या ख्रिस्ती समाजाने मराठी शाळा निष्ठेने चालवल्या. त्या मातीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली आमच्याच मराठवाड्यात, उस्मानाबादला (आजचे धाराशिव), मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून काहींनी आरडाओरडा केला. त्यांच्या मराठीला मात्र नाव ठेवायला कोणाला जागा सापडली नाही.

ह्यावर एक आक्षेप येतो, आणि तो आमच्याच विचारी लोकांकडून येतो. चर्चचे काम श्रद्धेचे संगोपन करण्याचे आहे. शाळा चालवणे सरकारचे काम. दोन्हींची गल्लत करू नये. ह्यात तथ्य आहे. ख्रिस्ती मुलांना इतरांपासून तोडून वेगळ्या शाळांत घालावे असे मी मुळीच म्हणत नाही. काही शाळांत एकाच तासाला ख्रिस्ती मुलांना धर्मशिक्षणासाठी एका वर्गात नेतात आणि बाकीच्यांना नीतिशिक्षणासाठी दुसऱ्या. घटनेचे अठ्ठाविसावे कलम मुलाला त्याच्या पालकाच्या संमतीवाचून धर्मशिक्षण देऊ देत नाही, तेव्हा ही व्यवस्था कायदेशीर आहे. तरी घंटा झाल्यावर एका बाकावरची दोन मुले दोन दिशांना जातात, ते मला खटकते. ख्रिस्ती मुलाला नीती नको आणि इतरांना येशूची गोष्ट नको, असे कोणी ठरवले? शेजारच्याच्या धर्माविषयी सगळ्यांना मिळून काही सांगता आले तर तो तास खरा कामाचा होईल. श्रद्धा घरी आणि चर्चमध्ये रुजते. ज्याला वाचता येते तोच पुढे आपली श्रद्धा तपासूनही घेऊ शकतो, आणि तपासून ती सोडण्याचा अधिकारही त्याला असला पाहिजे. श्रीपादच्या वेळी हा अधिकार कोणीच त्याच्या हाती दिला नाही, मिशनऱ्यांनीही नाही आणि बापानेही नाही.

मग आम्ही काय करावे? मोठ्या योजना बिशपसाहेब आणि संस्थाचालक आखतील. प्रत्येक शहरी शाळेने खेड्यातल्या ठराविक मुलांचा दहावीपर्यंतचा सगळा खर्च, रिक्षापासून वहीपर्यंत, उचलावा, आणि किती मुलांचा उचलला हे मंडळीच्या वार्षिक सभेत वाचून दाखवावे, इतके तरी त्यांना सांगता येईल. चर्चची इमारत आठवड्यातून सहा दिवस कुलपात असते. पंखे आहेत, दिवे आहेत, बाके आहेत, आणि दोनशे पावलांवर एका खोलीच्या घरात टीव्हीच्या आवाजात मूल गृहपाठ करीत असते. महाविद्यालयात शिकणारे ख्रिस्ती तरुण नाताळच्या आधी महिनाभर रोज संध्याकाळी समूहगानाच्या तालमीला वेळ काढतात. तो वेळ जूनमध्येही निघू शकतो.

आमच्या मंडळीत गेल्या जूनपासून आम्ही चौघांनी चर्चशेजारची खोली सोमवार ते गुरुवार संध्याकाळी सहा ते आठ उघडायला सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात तीन मुले आली, आता चौदा येतात. त्यांतली सहा ख्रिस्ती, बाकीची शेजारची. दोन मुली तर पलीकडच्या मोहल्ल्यातून बुरखा घातलेल्या आजीचे बोट धरून येतात. गणित सर्वांचे कच्चे आहे, आमचे दोघांचे धरून. आता पंचकमिटीपुढे दोन मुद्दे आले आहेत. विजेचे बिल कोणी भरायचे, हा एक. आणि बाहेरच्या मुलांना बसू द्यावे काय, हा दुसरा. पहिल्यासाठी आम्ही वर्गणी काढतो आहोत. दुसऱ्यावर पुढच्या रविवारी उपासनेनंतर सभा आहे. आजोबांनी, चालता येत नसतानाही, तिला यायचे कबूल केले आहे.